‘दिओको’ : एका ग्रीक क्रियापदाचा माग

ग्रीक भाषेत ‘दिओको’ असे एक क्रियापद आहे. त्याचा ढोबळ अर्थ ‘मी पाठलाग करतो’ असा होतो. आपल्या कोशांत ‘धावणे’, ‘मागणे’ अशी क्रियापदे ‘णे’कारान्त रूपाने दिलेली असतात, ग्रीक कोशात ती ‘मी करतो’ या रूपाने नोंदवण्याची पद्धत आहे. म्हणून ‘दिओको’ म्हणजे नुसते ‘पाठलाग करणे’ नव्हे, तर ‘मी पाठलाग करतो’. या ‘मी’कडे वाचकांनी लक्ष ठेवावे, अशी सुरुवातीलाच विनंती आहे. कारण या क्रियापदाचा अर्थ काय, हे ठरवताना शेवटी एकच प्रश्न उरतो : पाठलाग करणारा कोण आणि पुढे धावणारा कोण?

निजामपुऱ्यात राहणाऱ्या आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला ग्रीक क्रियापदाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ग्रीक आमच्या अभ्यासक्रमात नाही, हे खरे. परंतु भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थाची उन्नती आणि अवनती हे प्रकार आम्ही शिकतो, आणि त्यांची तीच ती पाठ केलेली उदाहरणे परीक्षेत लिहून येतो. हे सगळे प्रकार एकाच शब्दात पाहायला मिळतात का, याचा शोध घेताना हे क्रियापद हाती लागले. लिडेल आणि स्कॉट या दोन पंडितांचा ग्रीक-इंग्रजी कोश १८४३ साली प्रथम प्रसिद्ध झाला. आज तो मोबाइलवरही उघडून पाहता येतो. त्या कोशाच्या आणि आपल्या घरातल्या बोलींच्या आधाराने हा छोटासा अभ्यास केला आहे.

अर्थांचा पसारा

‘दिओको’चे मुख्य अर्थ सहा सांगता येतील. रणांगणात शत्रूचा किंवा रानात सावजाचा पाठलाग करणे, हा पहिला. हाकलून लावणे, हद्दपार करणे, हा दुसरा. रथ, घोडे वेगाने हाकणे, हा तिसरा. न्यायालयात एखाद्यावर खटला चालवणे, हा चौथा. छळ करणे, हा पाचवा. आणि एखादी चांगली वस्तू, सद्गुण किंवा ध्येय मिळवण्यासाठी झटणे, हा सहावा.

पहिल्या अर्थाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात आहे. अकिलीझ हा हेक्टरच्या मागे लागतो आणि दोघे ट्रॉय नगरीच्या तटाभोवती तीन प्रदक्षिणा घालतात. पुढे धावणारा शूर आहे, पण मागून येणारा त्याहून पुष्कळ वरचढ आहे, असे कवी सांगतो. मग तो या पाठलागाला स्वप्नाची उपमा देतो. स्वप्नात एकाला पळता येत नाही आणि दुसऱ्याला गाठता येत नाही, तशी त्या दोघांची अवस्था झाली. अशी स्वप्ने कोणाला पडत नाहीत? जवळपास अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या काव्यातील ही उपमा आजही परकी वाटत नाही.

या प्रसंगात ‘दिओको’बरोबर आणखी एक क्रियापद सतत येते. ते म्हणजे ‘फेउगो’, ‘मी पळतो’. ग्रीक भाषेत ही दोन क्रियापदे धोट्याच्या येरझारीसारखी जोडीने चालतात. एक आले की दुसरे येणारच. पुढे इ. स. पू. पाचव्या शतकात झेनो या तत्त्वज्ञाने अकिलीझ आणि कासवाचे कोडे मांडले. ते सांगताना ॲरिस्टॉटलही मागे धावणारा आणि पुढे पळणारा यांच्यासाठी हीच जोडी वापरतो.

दुसरा आणि तिसरा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ‘बैलगाडी हाकणे’ आणि ‘घरातून हाकलून देणे’ ही आपलीच क्रियापदे पाहा. बैलाला मागून हाक दिली की तो पुढे जातो, आणि नको असलेल्या माणसालाही तसेच पुढे घातले जाते. ‘इलियड’मध्ये झ्यूस देव इडा पर्वतावरून ऑलिंपसकडे रथ हाकतो तेथेही ‘दिओको’च आहे. सारांश, मागून जोर लावायचा आणि पुढच्याला पळवायचे, हा या शब्दाचा गाभा आहे. पुढे जो आहे तो घोडा, शत्रू, आरोपी की ध्येय, त्यावर बाकीचा अर्थ अवलंबून राहतो.

मूळ आणि नातेवाईक

आता व्युत्पत्तीकडे वळू. होमरच्या भाषेत ‘दिएमाय’ असे एक जुने क्रियापद आढळते. त्याचा अर्थ वेगाने जाणे, पिटाळणे असा आहे. ऋग्वेदातील ‘दीयति’, म्हणजे उडतो, झेपावतो, हे रूप याच घराण्यातील मानले जाते. दुसरीकडे, कॉरिंथच्या बोलीत आपल्या क्रियापदाचे आरंभी ‘द’ऐवजी ‘व’ असलेले रूप सापडले आहे. आणि होमरमध्ये पाठलाग, दाणादाण या अर्थी ‘इओके’ असे नाम आहे, ज्याच्या आरंभीचा ‘व’ झिजून गेला आहे. या ‘व’च्या घराण्याशी वैदिक संस्कृतातील ‘वेति’, म्हणजे मागे लागतो, हवे म्हणून झटतो, या क्रियापदाचे नाते जोडले जाते. ‘व’ने सुरू होणारे पाठलागाचे जुने क्रियापद आणि ‘द’ने सुरू होणारे वेगाचे जुने क्रियापद यांच्या मेळातून ‘दिओको’ घडले, अशी मांडणी अभ्यासक करतात. म्हणजे दोन नद्यांचे पाणी एका पात्रात आले. एकीतून वेग आला, दुसरीतून ओढ आली.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ख्रिस्ती धर्मप्रांताला ‘डायोसीस’ म्हणतात. तो शब्दही ग्रीकमधूनच आला आणि कानाला ‘दिओको’च्या जवळचा वाटतो. परंतु त्याचे मूळ ‘ओइकोस’ म्हणजे घर या शब्दात आहे. घराचा कारभार पाहणे, त्यावरून प्रांताचा कारभार पाहणे, असा तो प्रवास आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. ध्वनीत साम्य दिसले की मूळ एकच, असे मानण्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

त्याचे एक उदाहरण तर आपल्या गावात दिवसरात्र खडखडत असते. ‘माग काढणे’ यातला ‘माग’ आणि ‘यंत्रमाग’ यातला ‘माग’ कानाला एकच. मात्र पहिला ‘माग’ संस्कृत ‘मार्ग’ शब्दापासून आला. दुसऱ्याचे सोयरे पाहायचे असतील तर पद्मानगरच्या तेलुगूभाषक विणकरांकडे जावे. ते मागाला ‘मग्गम’ म्हणतात. कानडीत ‘मग्ग’ म्हणतात. तेव्हा भिवंडीच्या मागाचा माग काढायचा तर वाट दक्षिणेकडे वळते.

न्यायालयातला पाठलाग

‘दिओको’चा मला सर्वांत विचार करायला लावणारा अर्थ न्यायालयातला आहे. अथेन्स नगरीत फिर्यादीला ‘हो दिओकोन’, म्हणजे ‘पाठलाग करणारा’, असे म्हणत. आरोपीला ‘हो फेउगोन’, म्हणजे ‘पळणारा’, असे म्हणत. ट्रॉयच्या तटाभोवती धावणारी तीच जोडी कोर्टात येऊन उभी राहिली! स्कॉटलंडच्या कायद्यात आजही दिवाणी दाव्यातल्या वादीला ‘पाठलाग करणारा’ अशाच अर्थाचा शब्द आहे.

आपल्याकडच्या शब्दांशी याची तुलना केली म्हणजे गंमत वाटते. जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत वादीला ‘अर्थी’ म्हटले आहे, म्हणजे काही मागणारा. आणि प्रतिवादीला ‘प्रत्यर्थी’. ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ या शब्दांत बोलणारा आणि उलट बोलणारा आहे. ‘फिर्यादी’ हा शब्द फार्सीतून आला. ‘फर्याद’ म्हणजे दाद मागण्यासाठी फोडलेला टाहो. एकाच माणसाला ग्रीक भाषेने धावताना पाहिले, संस्कृतने मागताना आणि बोलताना पाहिले, फार्सीने आक्रोश करताना पाहिले. न्याय मागायला आलेला माणूस या चारही गोष्टी करतो, हे कोर्टाच्या आवारात एक दिवस उभे राहिलेल्या कोणालाही पटेल.

अथेन्समध्ये सरकारी वकील नसे. सार्वजनिक स्वरूपाच्या गुन्ह्यात कोणीही नागरिक पुढे येऊन खटला भरू शकत असे. परंतु असा खटला भरणाऱ्याला पाचव्या हिश्शाइतकीही मते मिळाली नाहीत, तर त्यालाच एक हजार द्राख्मा दंड होई. दोन्ही पक्षांना बोलण्यासाठी पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजून दिला जाई. म्हणजे पाठलागाला नियम होते, आणि मुख्य म्हणजे ‘पळणारा’ प्रत्यक्षात पळत नव्हता. तो थांबून, तोंड वळवून, आपली बाजू मांडत होता. अर्थात हे सारे नागरिक पुरुषांसाठी होते. स्त्रिया आणि गुलाम यांना स्वतः उभे राहून असा ‘पाठलाग’ करता येत नसे, हेही विसरता कामा नये.

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादाच्या आरंभी या शब्दावर एक सुंदर कोटी आहे. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला भरला गेला. त्या सुमारास कोर्टाच्या दाराशी त्याला युथिफ्रो भेटतो. सॉक्रेटिस विचारतो की तुझ्या खटल्यात तू पळणारा की पाठलाग करणारा? युथिफ्रो म्हणतो, पाठलाग करणारा. पण ज्याचा पाठलाग करतो आहे ते ऐकून लोक मला वेडा म्हणतात. त्यावर सॉक्रेटिस म्हणतो, का बरे, तो काय पंखांनी उडतो? युथिफ्रो सांगतो की उडण्याचे त्याचे वय नाही, तो माझा म्हातारा बाप आहे.

येथवर हसू येते. पुढची हकीकत मात्र गंभीर आहे. युथिफ्रोच्या शेतावर एक मजूर होता. दारूच्या नशेत त्याने घरच्या एका गुलामाला ठार केले. युथिफ्रोच्या वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. तो परत येईपर्यंत मजुराकडे कोणी पाहिले नाही. भुकेने आणि थंडीने तो मेला. घरचे लोक म्हणतात की असल्या खुनी मजुरासाठी मुलाने बापाला कोर्टात खेचावे काय? युथिफ्रोचे उत्तर असे की मेलेला परका की आपला हे पाहायचे नसते. मारणे न्यायाचे होते की नव्हते एवढेच पाहायचे असते. सॉक्रेटिस त्याला पुढे अनेक प्रश्नांत अडकवतो, तो भाग निराळा. परंतु एका मजुराच्या मरणाचा पाठपुरावा कोणी करायचा, हा प्रश्न जगातल्या एका थोर ग्रंथाच्या पहिल्या पानांवर आहे, याची नोंद भिवंडीसारख्या मजुरांच्या गावाने घ्यायला हवी.

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटे मागावर गेली. नुकसानभरपाईचा विषय निघाला तेव्हा घरात एकच वाक्य झाले : “कोर्टकचेरीच्या मागे कोण लागणार?” त्या वाक्यात ‘दिओको’चा चौथा अर्थ जसाच्या तसा आहे. मागे लागायलाही रोजंदारी बुडवावी लागते, कागद वाचता यावे लागतात, कोणाला भेटावे हे ठाऊक असावे लागते. ज्याच्यापाशी हे नाही त्याच्या वाट्याला ‘फेउगो’ येते. तो घरभाड्याच्या, उधारीच्या तगाद्यापुढे पळत राहतो. ‘तगादा’ हा अरबी ‘तकाज़ा’पासून आलेला शब्द, आणि तोही पाठलागच!

छळ आणि ध्येय

ग्रीक नव्या करारात ‘दिओको’ चाळीसहून अधिक वेळा येतो. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ छळ करणे असा आहे, आणि मराठी बायबलातही तेथे ‘छळ’ हाच शब्द दिसतो. पहिल्या शतकातील पौल याच्या पत्रांत मात्र एक विलक्षण गोष्ट आढळते. फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात, आपण पूर्वी ख्रिस्ती मंडळीचा छळ करीत होतो हे सांगताना तो ‘दिओको’ वापरतो. आणि त्याच अध्यायात थोडे पुढे, आता आपण ध्येयाकडे धाव घेत आहोत हे सांगतानाही ‘दिओको’च वापरतो. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर पाहुणचाराची कास धरा असे सांगणाऱ्या वाक्याला लागूनच छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या असे वाक्य आहे, आणि दोन्हींत हेच क्रियापद. ज्या पायांनी माणूस दुसऱ्याला पिटाळत होता, त्याच पायांनी तो आता चांगल्याच्या मागे धावतो. ग्रीक वाचकाला हे एका शब्दात जाणवत असेल.

मराठीत भाषांतर करणाऱ्यापुढे येथे पेच पडतो, कारण आपल्याकडे दोन्ही अर्थ पेलणारा एकच शब्द नाही. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. सामान्य बायाबापड्यांना समजेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने बाहेर आले. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले होते. संस्कृत घरातच शिकलेल्या एका मराठी बाईने मूळ ग्रीक शब्दांशी अशी झुंज घेतली, ही घटना आपल्या भाषेच्या इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

‘छळ’ शब्दाचाही प्रवास पाहण्याजोगा आहे. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. न्यायशास्त्रात तर समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढून वाद घालणे म्हणजे ‘छल’. मराठीत येताना कपट मागे पडले आणि त्रास देणे, गांजणे हा अर्थ पुढे आला. म्हणजे ग्रीकांनी छळाकडे पायांच्या बाजूने पाहिले आणि आपण कपटाच्या बाजूने.

चांगल्या अर्थाचा पाठलाग ग्रीक तत्त्वज्ञानातही आहे. विचारात जसा होकार आणि नकार, तसा इच्छेत पाठलाग आणि टाळणे, असे ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात म्हणतो. प्रेमाच्या बाबतीत इ. स. पू. ६०० च्या सुमाराची कवयित्री सॅफो हिने हे क्रियापद योजले आहे. तिच्या एका काव्यात प्रीतीची देवता तिला धीर देते की आज जी तुझ्यापासून पळते आहे तीच लवकर तुझ्या मागे येईल. काव्यात हे गोड वाटते. परंतु आपल्या चित्रपटांनी याच कल्पनेचा विपरीत धडा दिला आहे. मुलगी नाही म्हणते, नायक मागे लागतो आणि तिसऱ्या गाण्यात ती हो म्हणते. बसथांब्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत हा धडा गिरवणारे भेटतात. म्हणून सांगावेसे वाटते की २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून घातला गेला आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली आहे. कायद्याच्या मराठीत त्याला ‘पाठलाग’च म्हणतात. पुढे चालणारीच्या ‘नाही’ला अर्थ आहे, हे कायद्याने मान्य केले.

आपल्या घरातले शब्द

आता मराठीकडे पाहू. ‘पाठलाग’ हा शब्द ‘पाठ’ आणि ‘लाग’ यांचा बनलेला आहे. या पाठीने आपल्याला किती शब्द दिले! पाठ धरणे, पाठ सोडणे, पाठ दाखवणे, पाठपुरावा, पाठराखण, पाठिंबा. पाठीमागे असणारा शत्रू असेल तर पाठलाग, सोबती असेल तर पाठराखण. जागा एकच; माणूस बदलला की अर्थ उलटा. ग्रीक क्रियापदाचा दुटप्पीपणा आपल्याकडे असा पाठीवर येऊन बसला आहे.

‘मागे लागणे’ हा तर ‘दिओको’चा सख्खा भाऊ शोभेल. पोलीस मागे लागतात, कुत्रे मागे लागते, साडेसाती मागे लागते. आणि मुलगा अभ्यासाच्या मागेही लागतो. आमच्या शेजारच्या खाला उर्दूत ‘पीछे पड़ना’ म्हणतात. गंमत अशी की मराठीत ‘मागे पडणे’ म्हणजे रेंगाळणे, आणि हिंदी-उर्दूत ‘पीछे पड़ना’ म्हणजे पिच्छा पुरवणे. तेलुगूत याच अर्थी ‘वेंटपडु’ म्हणतात. तेथेही ‘पडणे’च आहे. आमच्या वर्गात या तीन भाषांची मुले एका बाकावर बसतात, आणि ‘तो मागे पडला’ हे एकच वाक्य तिघांच्या डोक्यात तीन चित्रे उभी करते.

मराठी व्याकरणाची आणखी एक खुबी आहे. ‘मी अभ्यासाच्या मागे लागले’ यात मी कर्ता आहे. पण ‘मला अभ्यासाचा ध्यास लागला’ यात कर्ता ध्यास आहे, आणि मी ती, जिला तो लागतो. नाद लागतो, छंद लागतो, वेड लागते, तहान लागते. येथे मी पाठलाग करीत नाही. ध्यासच माझा पाठलाग करतो. ग्रीक ‘दिओको’ला हे सांगायला कर्मणी प्रयोग करावा लागेल, आणि मग अर्थ छळाकडे झुकेल. मराठीत तो गोडीने सांगता येतो.

सर्वांत लांबचा प्रवास ‘मागणे’ या क्रियापदाचा आहे. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कोणतेही रानटी जनावर. म्हणूनच सिंहाला ‘मृगेंद्र’ म्हणतात आणि शिकारीला ‘मृगया’. या मृगाची वाट तो ‘मार्ग’. त्या वाटेने शोधीत जाणे म्हणजे ‘मार्गति’. त्यापासून मराठीत ‘मागणे’ आले. शिकाऱ्याचे क्रियापद याचकाच्या तोंडी आले आणि पुन्हा तेथून उठून ‘मागणी’ होऊन कामगारांच्या मोर्चात शिरले. हात पसरून मागणे आणि हक्काची मागणी यांच्यात केवढे अंतर आहे! पण दोन्हींच्या पायाखाली वाट एकच आहे.

पाठलाग आणि न्याय

भिवंडीत मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये दंगली झाल्या. आमची पिढी तेव्हा जन्मलीही नव्हती. परंतु या गल्ल्यांतून माणसे माणसांच्या मागे धावली, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आम्हांस कळते. १९७० च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. जमाव धावला तोही ‘दिओको’, आणि नंतर सत्याच्या मागे चौकशी निघाली तीही ‘दिओको’च. ग्रीक भाषेने दोघांना एकच शब्द दिला म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. जमावापुढचा माणूस थांबला तर मरतो. न्यायासनापुढचा माणूस थांबतो, वळतो आणि बोलतो.

माझ्या मते या क्रियापदाच्या साऱ्या अर्थांना हीच कसोटी लावता येते. पुढच्याला थांबून बोलता येते का? येत असेल तर तो खटला, ती मागणी, ते प्रेम. येत नसेल तर ती शिकार, तो तगादा, तो छळ. शब्द दोन्हीकडे तोच राहतो. म्हणून नुसता शब्दार्थ पाहून भागत नाही. वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण, हे पाहावे लागते. व्याकरणाच्या तासाला कर्ता-कर्म ओळखणे रुक्ष वाटते, पण त्यात इतके दडलेले आहे.

शेवटी एक शब्द. ‘अर्थ’ या शब्दाचे संस्कृतातले जुने अर्थ हेतू, हवी असलेली गोष्ट, असे आहेत. त्यावरूनच ‘अर्थी’, ‘प्रार्थना’ आणि ‘विद्यार्थी’. अरबीत ‘तलब’ म्हणजे शोध, मागणी. मराठीत मात्र ती चहा-तंबाखूपुरती उरली आहे! त्याच धातूपासून ‘तालिब-ए-इल्म’, म्हणजे ज्ञानाचा शोध घेणारा, विद्यार्थी. आणि त्याच धातूपासून ‘मतलब’, म्हणजे जे शोधले ते, अर्थात अर्थ. दोन निरनिराळ्या भाषाकुळांनी शब्दाच्या अर्थाला ‘ज्याच्या मागे जायचे ती गोष्ट’ असेच म्हटले आहे. आमच्या बाकावर बसणारा विद्यार्थी आणि त्याच्या शेजारचा तालिब-ए-इल्म एकाच गोष्टीच्या मागे लागले आहेत, हे दोघांच्या नावांतच लिहिलेले आहे.

वाचक मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या कॉलेजात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू आणि कोकणी बोली घरी बोलणारी मुले-मुली आहेत. प्रत्येकाने घरातले एकेक क्रियापद आणावे, आजी कसे बोलते आणि मागावरचे कामगार कसे बोलतात ते टिपावे, आणि पुढील अंकात त्यांची एक यादी छापावी. त्यासाठी ग्रीक येण्याची मुळीच गरज नाही. शब्दाच्या मागे लागण्याची तयारी असली म्हणजे पुरे. गुरुजनांनी या प्रयत्नातील उणिवा दाखवून मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती.

— द्वितीय वर्ष, कला